संगणक सुरू झाल्यावर मागे काय चालते: अपडेट्स आणि सर्व्हिसेस मार्गी लावण्याचा अनुभव

आमच्या घरचा संगणक सुरू केल्यावर डेस्कटॉप लगेच दिसत असे, पण त्यानंतर बराच वेळ त्याच्याकडून काहीही काम होत नसे. ब्राउझर उघडला तर नुसती कोरी चौकट समोर येई, एखादी साधी वर्ड फाइल उघडेपर्यंत दुसरे काहीतरी उरकून घेता येई आणि हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला असे. घरातल्या सगळ्यांनी याचे खापर अपडेट्सवर फोडले होते. त्यात आश्चर्य नव्हते, कारण मागे चालणाऱ्या इतक्या कामांपैकी पडद्यावर तोंड दाखवणारे काम बहुधा अपडेटचेच असते. त्यामुळे पहिला सल्ला मिळाला तो अपडेट्स कायमची बंद करून टाकण्याचा. तो मी मानला नाही. का मानला नाही हे आधी सांगते, कारण पुढे जे काही केले ते सगळे त्याच निर्णयावर उभे आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या यंत्रणेतील एक गंभीर भगदाड बुजवणारे अपडेट दिले होते. त्याच भगदाडातून शिरणारा 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले आणि असंख्य संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. दोन घटनांमध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी ते अपडेट वेळेवर चढवले होते त्यांच्या संगणकांचा तो दरवाजा तेव्हा बंद झालेला होता. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, अपडेट प्रसिद्ध झाले की भगदाड नेमके कुठे होते हेही जगाला कळते, कारण जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले हे जाणकार माणूस शोधून काढू शकतो. म्हणजे अपडेट आल्यानंतर ते न चढवता काढलेले दिवस आधीच्या दिवसांपेक्षा अधिक धोक्याचे असतात. म्हणून अपडेट्स बंद करण्याचा विचार मी बाजूला ठेवला आणि दोन वेगळे प्रश्न हाती घेतले. डिस्क नेमकी कोण अडवून ठेवते, आणि अपडेट्सना घरच्यांच्या कामात न येणारी वेळ कशी नेमून देता येईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देता येत नाही, ते पाहावेच लागते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'डिस्क' या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की डिस्क जास्त वापरणारे प्रोग्राम वर येतात. संगणक सुरू झाल्याबरोबर मी हेच केले, तेव्हा रकान्याच्या माथ्यावर शंभर टक्के हा आकडा दिसला आणि खाली 'सर्व्हिस होस्ट' या एकाच नावाच्या ओळींची लांबलचक रांग. या नावाने अनेक जण दचकतात आणि हा व्हायरस तर नव्हे, असे विचारतात. वास्तविक, विंडोजच्या कित्येक सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यावर न दिसता मागे चालणारी कामे, स्वतंत्र प्रोग्राम म्हणून येत नाहीत, त्यांना चालवण्यासाठी एक यजमान प्रोग्राम लागतो आणि तो हा. पूर्वी एकेका यजमानाच्या पोटात अनेक सर्व्हिसेस असत, त्यामुळे दोषी कोण हे ओळखणे कठीण जाई. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या संगणकांवर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र यजमान मिळाला. रांग वाढली खरी, पण प्रत्येक ओळीपुढे सर्व्हिसचे नाव दिसू लागले, आणि शोधकामाला ते फार उपयोगी पडते.

टास्क मॅनेजर कोण हे सांगतो. ते नेमके काय करत आहे हे मात्र रिसोर्स मॉनिटर सांगतो. स्टार्ट मेनूत त्याचे नाव टाइप केले की तो सापडतो. त्याच्या डिस्क या भागात कोणता प्रोग्राम कोणती फाइल वाचतो आहे किंवा लिहितो आहे हे फाइलच्या पूर्ण पत्त्यासह दिसते, आणि शेजारच्या एका रकान्यात त्या कामाला कोणता अग्रक्रम मिळाला आहे हेही दिसते. माझ्या दृष्टीने हा रकाना या सगळ्या शोधाची किल्ली ठरला. शोधासाठी फाइलींची सूची करणारी विंडोजची सर्व्हिस डिस्कवर भरपूर वाचन करत होती, पण तिच्यापुढे 'बॅकग्राउंड' असे लिहिलेले होते. म्हणजे माणसाने काही उघडायला सांगितले की ती मागे सरणार. याउलट एका प्रिंटर कंपनीच्या मदतनीस सर्व्हिसपुढे 'नॉर्मल' असे होते, म्हणजे माझ्या वर्ड फाइलच्या बरोबरीने ती रांगेत उभी होती. ती एकाच फाइलमध्ये लिहीत होती आणि त्या फाइलच्या नावाचा शेवट 'लॉग' असा होता.

मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायला घेतली तर नोटपॅडलाच ती उघडायला कितीतरी वेळ लागला, इतकी ती फुगली होती. आत वरपासून खालपर्यंत तेच तेच वाक्य होते: उपकरण सापडले नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे. दर वाक्यापुढे तारीख आणि वेळ, आणि दोन वेळांमध्ये जेमतेम काही सेकंदांचे अंतर. तो प्रिंटर बिघडल्यामुळे आम्ही केव्हाच घराबाहेर काढला होता. त्याच्याबरोबर आलेला प्रोग्राम मात्र संगणकावर तसाच होता आणि नसलेल्या प्रिंटरचा शोध घेत होता.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमची नोंदवही पाहिली. तिथे त्याच सर्व्हिसच्या नावाने ७०३१ या क्रमांकाच्या नोंदी ओळीने लागल्या होत्या. या नोंदीचा अर्थ असा की, सर्व्हिस अनपेक्षितपणे बंद पडली आणि ठरल्याप्रमाणे ६०,००० मिलिसेकंदांनी, म्हणजे एका मिनिटाने, ती पुन्हा सुरू केली जाईल. हे 'ठरल्याप्रमाणे' कुठे ठरलेले असते तेही पाहण्यासारखे आहे. सर्व्हिसेसच्या यादीत एखाद्या नावावर दोनदा क्लिक केले की जी चौकट उघडते तिच्यात 'रिकव्हरी' नावाचे पान असते. पहिल्यांदा बंद पडल्यास काय करायचे, दुसऱ्यांदा पडल्यास काय, आणि त्यानंतर दर वेळी काय, असे तीन प्रश्न तिथे असतात. तिन्हींच्या पुढे या कंपनीने 'सर्व्हिस पुन्हा सुरू करा' हेच उत्तर लिहून ठेवले होते. सर्व्हिस सुरू व्हायची, प्रिंटर शोधायची, लॉग लिहायची, कोसळायची आणि मिनिटाभराने पुन्हा उठायची. नव्याने उठताना तिच्या सगळ्या फाइली डिस्कवरून पुन्हा वाचल्या जायच्या. दिवसभर चालणाऱ्या या घिरट्यांचा अपडेट्सशी काडीचाही संबंध नव्हता.

अशी सर्व्हिस नुसती 'डिसेबल्ड' करून भागेल असे वाटते, पण माझे मत वेगळे आहे. ज्या प्रोग्रामची आता गरजच नाही तो प्रोग्राम त्याच्या सर्व्हिससकट काढून टाकावा. नुसती सर्व्हिस बंद केली तर त्याच प्रोग्रामचा दुसरा एखादा भाग पुढच्या खेपेला ती पुन्हा चालू करून देऊ शकतो. मी सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून तो प्रोग्राम काढला, संगणक रीस्टार्ट केला आणि मग मागे काय उरले ते तपासले. सर्व्हिस गेली होती, पण टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एक काम शिल्लक होते, जे दर वेळी लॉगिन झाल्यावर त्याच कंपनीचे अपडेट शोधण्यासाठी उठत असे. ज्या फाइलला ते हाक मारत होते ती आता डिस्कवर नव्हती. अशी अनाथ कामे शोधण्यासाठी 'ऑटोरन्स' हे मोफत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या यच्चयावत गोष्टी ते एका यादीत दाखवते आणि ज्यांची फाइल सापडत नाही त्या ओळी पिवळ्या रंगात दाखवते. हे साधन 'सिसइंटर्नल्स' या संचातले आहे. तो संच २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचा आहे, त्यामुळे कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून 'संगणक वेगवान करणारे' प्रोग्राम उतरवून घेण्याची गरज उरत नाही. विंडोजच्या स्वतःच्या नोंदी झाकून ठेवण्याची सोय त्यात आहे. ती चालू केली की यादी एकदम आटोक्यात येते आणि बाहेरून आलेले पाहुणे तेवढे दिसतात. त्यातही लगेच काही खोडून टाकू नये. आधी नुसती खूण काढावी, काही दिवस पाहावे आणि मगच ती नोंद कायमची काढावी.

ही एक सर्व्हिस गेल्यावर फरक ताबडतोब जाणवला, तरी सकाळची सुरुवात अजून जड होती. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप या भागात प्रत्येक प्रोग्रामपुढे त्याचा सुरुवातीवर होणारा परिणाम जास्त, मध्यम किंवा कमी असा लिहिलेला असतो. बैठकीसाठी वापरण्याचे प्रोग्राम, खेळांचा एक प्रोग्राम, संगीताचा एक, असे कितीतरी प्रोग्राम तिथे स्वतःहून नाव नोंदवून बसले होते. यातले काहीही संगणक सुरू होताच लागत नव्हते, लागेल तेव्हा हाताने उघडता येत होते, म्हणून ते तिथून काढले. फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारा प्रोग्राम मात्र ठेवला. तो जड आहे, पण त्याचे काम मागेच चालायला हवे, कारण आठवणीने हाताने सुरू करायची बॅकअपची सवय घरात कोणालाही नव्हती. ब्राउझरचे अपडेट शोधणाऱ्या सर्व्हिसेसनाही मी हात लावला नाही. बाहेरच्या जगाशी सर्वाधिक संबंध ब्राउझरचा येतो, तेव्हा त्याचे अपडेट लांबवणे म्हणजे ज्या दारातून सगळे येतात तेच उघडे टाकण्यासारखे आहे.

आता विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसबद्दल. 'या अमुक सर्व्हिसेस बंद करा आणि संगणक पळवा' अशा याद्या सर्वत्र फिरत असतात. मी अशी एक यादी समोर ठेवून तिच्यातील एकेक नाव माझ्या संगणकावर तपासले. बहुतेक सर्व्हिसेस 'मॅन्युअल' या प्रकारात होत्या आणि त्या क्षणी मुळात चालूच नव्हत्या. अनेकींच्या पुढे 'ट्रिगर स्टार्ट' असेही लिहिलेले होते, म्हणजे एखादे उपकरण जोडले किंवा नेटवर्क आले, की तेवढ्यापुरत्या त्या उठणार. जी सर्व्हिस चालूच नाही ती डिसेबल करून ना मेमरी वाचते ना डिस्क. मात्र पुढे कधीतरी ब्लूटूथचा हेडफोन जोडावा आणि तो का चालत नाही याचा पत्ता लागू नये, अशी सोय तेवढी होते. म्हणून या याद्यांना माझा ठाम विरोध आहे.

जिथे बदल करायचा होता तिथेही आधी 'डिपेंडन्सीज' हे पान पाहिले. त्यात दोन याद्या असतात: ही सर्व्हिस कोणावर अवलंबून आहे, आणि हिच्यावर कोण अवलंबून आहे. दुसरी यादी लांब असेल तर हात मागे घ्यावा. रिमोट प्रोसीजर कॉल नावाची सर्व्हिस याचे टोकाचे उदाहरण आहे, जवळजवळ सगळे विंडोज तिच्या आधाराने उभे आहे आणि ती थांबवण्याचे बटणच तिथे मिळत नाही. मी एका वहीत सर्व्हिसचे नाव, तिचा मूळ प्रकार, बदललेला प्रकार आणि तारीख अशा नोंदी ठेवल्या आणि एका वेळी एकच बदल केला. दोन बदल एकदम केले आणि काही बिघडले, तर कोणत्या बदलाने बिघडले हे सांगता येत नाही. बदल करतानाही 'डिसेबल्ड' ऐवजी 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' हा पर्याय बऱ्याच ठिकाणी पुरेसा ठरला. त्यात सर्व्हिस बंद होत नाही, ती संगणक सुरू होताना इतरांबरोबर गर्दी न करता साधारण दोन मिनिटे मागे राहून सुरू होते. एका ध्वनीसंपादनाच्या प्रोग्रामची परवाना तपासणारी सर्व्हिस आणि बॅकअपच्या प्रोग्रामची सर्व्हिस मी अशा मागे सरकवल्या.

तीन सर्व्हिसेसचा निर्णय घ्यायला मला जास्त विचार करावा लागला. पहिली 'सिसमेन', जिचे जुने नाव 'सुपरफेच' असे होते. नेहमी वापरले जाणारे प्रोग्राम ओळखून त्यांचा मजकूर आधीच मेमरीत आणून ठेवणे हे तिचे काम. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर ती डिस्क अडवते अशी तक्रार असते, म्हणून ती काही दिवस थांबवून पाहिली. सुरुवातीची गर्दी थोडी कमी झाली, पण दिवसभरात प्रोग्राम उघडायला अधिक वेळ लागू लागला. ती पुन्हा चालू केली. दुसरी शोधाची सूची करणारी सर्व्हिस. ती ठेवली, मात्र जुन्या फोटोंचे आणि चित्रफितींचे मोठे फोल्डर तिच्या कक्षेतून वगळले. तिसरी 'प्रिंट स्पूलर', म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारी सर्व्हिस, आणि हिच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे.

घरात प्रिंटर नसेल तर स्पूलर बंद करावी, हा सल्ला निराधार नाही. जुलै २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने ओळखले गेलेले भगदाड याच सर्व्हिसमध्ये सापडले होते. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता तातडीचे अपडेट दिले, आणि ते येईपर्यंत स्पूलर बंद ठेवणे हा एक अधिकृत उपाय सांगितला होता. पण प्रिंटर नसला तरी आमच्या घरी कागदपत्रे 'प्रिंट टू पीडीएफ' ने जपून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती सोयही स्पूलरवरच चालते. म्हणून मी ती चालू ठेवली आणि अपडेट्स वेळेवर चढवण्यावर भर दिला. ज्या घरात प्रिंटर नाही आणि पीडीएफही अशा रीतीने करत नाहीत, तिथे ती बंद ठेवणेच योग्य.

विंडोज अपडेट, बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर आणि डिफेंडर यांना मी मुळीच हात लावला नाही. अपडेट उतरवणे, त्याची सही खरी आहे का हे तपासणे आणि ते जागेवर बसवणे ही कामे यातल्या पहिल्या चार सर्व्हिसेस वाटून घेतात, आणि डिफेंडर व्हायरसपासून राखण करतो. त्या चारपैकी एक जरी बंद असली तरी अपडेट अर्ध्यावर अडकू शकते आणि मग तेच ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत डिस्क अडवत राहते.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे अपडेट्सच्या वेळेकडे वळता आले. मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची अपडेट्स २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. हे एकदा ठाऊक झाले की अपडेट ही अचानक कोसळणारी गोष्ट राहत नाही, ती कॅलेंडरवर लिहून ठेवता येते. आमच्या कॅलेंडरवर दुसऱ्या मंगळवारनंतरची बुधवारची रात्र त्यासाठी राखलेली आहे. त्या रात्री काम संपल्यावर मी सेटिंग्ज उघडून स्वतःच अपडेट शोधायला लावते, उतरलेले अपडेट चढू देते आणि रीस्टार्ट करते. विंडोज १० पासून ही मासिक अपडेट्स एकत्रित असतात, म्हणजे मागच्या महिन्यांतले सगळे चालू महिन्याच्या अपडेटमध्ये आलेले असते. त्यामुळे एखादा महिना चुकला तर मागचे सगळे ओळीने चढवावे लागत नाही. महिन्याच्या शेवटाकडे 'प्रीव्ह्यू' म्हणून जे ऐच्छिक अपडेट दिसते ते मी चढवत नाही. त्यातले बदल पुढच्या दुसऱ्या मंगळवारी सर्वांना मिळणारच असतात, आणि तोवर त्यातील उणिवा समोर आलेल्या असतात.

ॲक्टिव्ह अवर्सची सोय अनेकांना माहीत असते, पण ती आपोआप ठरू देण्यापेक्षा हाताने ठरवावी असे मला वाटते. जास्तीत जास्त १८ तासांचा काळ असा राखून ठेवता येतो की ज्यात संगणक अपडेटसाठी स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही. आमच्याकडे सकाळी सात ते रात्री बारा हा काळ राखला आहे. घरात परीक्षा किंवा महत्त्वाचे सादरीकरण असेल तेव्हा 'पॉझ' वापरून अपडेट्स आठवड्याभरासाठी थांबवते. हा विराम ३५ दिवसांपर्यंत लांबवता येतो आणि त्यानंतर आलेली अपडेट्स चढवल्याखेरीज पुन्हा विराम मिळत नाही. ही अट मला अगदी रास्त वाटते.

रीस्टार्टचा एक बारकावा मात्र बहुतेकांना माहीत नसतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' नावाचा आकडा असतो. रोज रात्री संगणक बंद करूनही आमच्या संगणकावर तो आकडा कितीतरी दिवसांचा दिसत होता. त्याचा अर्थ, तितके दिवस ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि गाभ्याचे भाग एकदाही नव्याने सुरू झालेले नव्हते. 'रीस्टार्ट' मध्ये असे होत नाही, त्यात सगळे खरोखर नव्याने उभे राहते. म्हणून बुधवारच्या रात्री मी नेहमी रीस्टार्ट करते, डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबते आणि मगच शट डाउन करते. एवढ्या एका सवयीने अर्धवट लटकलेली अपडेट्स जवळपास थांबली.

इंटरनेटच्या बाबतीत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या पानावर एकदा लक्ष घालणे पुरेसे आहे. दुसऱ्या संगणकांकडून अपडेटचे तुकडे घेण्याची सोय मी फक्त घरच्या नेटवर्कपुरती ठेवली, त्यामुळे एका संगणकाने उतरवलेले दुसऱ्याला आतल्या आत मिळू शकते. मागे चालणाऱ्या डाउनलोडला किती वेग द्यायचा याची मर्यादाही तिथेच घालता येते. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवताना ते कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदवले की बहुतेक अपडेट्स त्यावरून उतरत नाहीत.

या काळात एक अडचण आली ती विजेमुळे. अपडेट चढत असताना वीज गेली आणि पुन्हा सुरू केल्यावर बदल मागे घेत असल्याची सूचना पडद्यावर आली. अशा वेळी पॉवरचे बटण दाबण्याचा मोह होतो, पण ते करू नये. फिरत्या डिस्कवर हे काम फार सावकाश होते आणि ते मध्येच तोडले तर नुकसान दुप्पट होते. विंडोज सुरू झाले, मात्र पुढच्या प्रयत्नात अपडेट चढेना. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डीआयएसएम या साधनाला 'रिस्टोर हेल्थ' चा आदेश दिला आणि ते पूर्ण झाल्यावर एसएफसीला 'स्कॅन नाऊ' चा. हा क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी बिघडलेल्या फाइलींच्या जागी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली आणते तो साठाच आधी डीआयएसएम दुरुस्त करते. त्यानंतर अपडेट बिनतक्रार चढले. बुधवारच्या कामाआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचा नेम तेव्हापासून अधिक काटेकोर झाला. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली, असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून संगणकाबाहेर ठेवलेली असावी, कारण फर्मवेअरच्या, म्हणजे संगणकाच्या यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामच्या, अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते आणि त्या वेळी ती त्याच बंद संगणकात असून उपयोग नसतो.

ड्रायव्हरच्या बाबतीत माझे धोरण याहून सावध आहे. ऐच्छिक अपडेट्समध्ये दिसणारे ड्रायव्हर मी काही अडचण असल्याशिवाय घेत नाही. असा एक ड्रायव्हर घेतल्यावर आवाज गेला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक' चे बटण असते, त्याने जुना ड्रायव्हर परत आला आणि आवाजही.

घरातला दुसरा, जुना संगणक विंडोज ११ ला चालणारा नव्हता, कारण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी विस्तारित सुरक्षा अपडेट्सचा पर्याय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केलेला होता, पण एका वर्षाने हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार होता. म्हणून त्यावर विंडोजऐवजी उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीची २४.०४ ही दीर्घ आधाराची आवृत्ती बसवली. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला पाच वर्षांची नियमित सुरक्षा अपडेट्स आहेत आणि ती 'अनअटेंडेड अपग्रेड्स' या व्यवस्थेतून न विचारता चढतात.

तिथेही सर्व्हिसेस आहेतच, फक्त त्यांचा कारभार सिस्टमडी हा प्रोग्राम पाहतो. सुरू होताना कोणाला किती वेळ लागला याची यादी देणारा 'ब्लेम' हा आदेश त्यात आहे. माझ्याकडे यादीच्या माथ्यावर नेटवर्क येण्याची वाट पाहणारी सर्व्हिस होती. पण ही यादी वाचताना सावध राहावे लागते. सर्व्हिसेस एकाच वेळी समांतर सुरू होतात, त्यामुळे जिला जास्त वेळ लागला तिच्यासाठी बाकीचे खोळंबले होतेच असे नाही. कोण कोणासाठी थांबले हे पाहायला 'क्रिटिकल चेन' हा दुसरा आदेश आहे. त्यात पाहिल्यावर त्या सर्व्हिसमुळे डेस्कटॉप अडत नसल्याचे दिसले, म्हणून ती तशीच राहू दिली. या संगणकावर अपडेट चढल्यानंतरही जुना गाभा रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत चालूच राहतो. रात्री ठरलेल्या वेळी आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय उबुंटूतही आहे, पण ती मी चालू केलेली नाही, कारण त्या संगणकावर रात्री उशिरापर्यंत लेखन चालते आणि न साठवलेला मजकूर त्यात जाऊ शकतो. रीस्टार्टची गरज असल्याची सूचना दिसली की तोही संगणक बुधवारच्या रांगेत घेते.